विश्वाची कुजबुज आणि खोडदचे कान

रेडिओ दुर्बिणीला कान म्हणावे की डोळा, हा प्रश्न वरवर शब्दच्छलाचा वाटतो. १९९७ साली आलेल्या 'कॉन्टॅक्ट' या इंग्रजी चित्रपटातील नायिका कानांना हेडफोन लावून आकाशातून येणारा संदेश ऐकत बसलेली दाखवली होती. तेव्हापासून रेडिओ खगोलशास्त्रज्ञ म्हणजे रात्ररात्र विश्वाचे आवाज ऐकणारा माणूस, अशी एक प्रतिमा लोकांच्या मनात रुजली आहे. प्रत्यक्षात कोणत्याही मोठ्या वेधशाळेत असे कोणी ऐकत बसत नाही. रेडिओ लहरी हा ध्वनी नव्हेच. ध्वनीला प्रवासासाठी हवा, पाणी असे काही माध्यम लागते आणि तारकांमधील पोकळीत ते जवळजवळ नाही. रेडिओ लहरी या प्रकाशाच्याच कुळातील. वेगही तोच, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. फरक इतकाच की डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास असते, तर रेडिओ लहरींची काही मिलिमीटरपासून कित्येक मीटरपर्यंत. आपल्या घरातील रेडिओ गाणे 'ऐकवतो' तो त्या लहरींवर स्वार झालेला संकेत उतरवून घेऊन, आणि त्याचा आवाज मागाहून तयार करून.

तरीही 'ऐकणे' हा शब्द या शास्त्राला चिकटला आहे आणि तो अगदीच चुकीचा आहे असे मला वाटत नाही. कारण दुसऱ्याचे हळू आवाजातील बोलणे ऐकायचे तर भोवती शांतता लागते. पाहण्यासाठी अंधार लागतो तशी या शास्त्राला शांतता लागते, आणि ती पृथ्वीवर दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालली आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात उभ्या असलेल्या जगातील एका अग्रगण्य रेडिओ दुर्बिणीच्या संदर्भात तर हा प्रश्न गेल्या काही वर्षांत थेट गावकऱ्यांच्या आणि रेल्वेच्या दारात येऊन उभा राहिला आहे. पण तिथवर जाण्याआधी हे शास्त्र मुळात जन्माला कसे आले ते पाहू.

पृथ्वीचे वातावरण आकाशातून येणाऱ्या बहुतेक प्रारणांना अडवते. क्ष-किरण, गॅमा किरण, अतिनील किरणांचा मोठा भाग, अवरक्त किरणांचाही बराचसा भाग जमिनीपर्यंत पोहोचत नाही. या भिंतीला दोन मोठ्या खिडक्या आहेत. एक दृश्य प्रकाशाची. गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बीण रोखली ती या खिडकीतून. दुसरी रेडिओ लहरींची, आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी रुंद आहे. तिच्या एका टोकाला हवेतील पाण्याची वाफ व प्राणवायू अडथळा आणतात, तर दुसऱ्या टोकाला, सुमारे दहा-पंधरा मीटरहून लांब लहरींना, वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबर परतवून लावते. मधल्या सगळ्या लहरी बिनदिक्कत खाली उतरतात. मीटरभर लांबीच्या लहरींना ढगांची तमा नसते, दिवस-रात्रीचा फारसा फरक पडत नाही. आषाढात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नसतानाही ही दुर्बीण आपले काम करीत असते.

ही दुसरी खिडकी उघडी आहे हे कळायला १९३० चे दशक उजाडावे लागले, आणि कळले तेही अपघातानेच. अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीला अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओद्वारे दूरध्वनी जोडायचा होता. संभाषणात येणारी खरखर कोठून येते हे शोधण्याचे काम कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे आले. न्यू जर्सीतील होमडेल येथे त्याने लाकूड आणि पितळी नळ्यांचा एक लांबलचक अँटेना उभारला, त्याला फोर्ड मोटारीची चाके बसवली आणि तो वीस मिनिटांत एक फेरी घेईल अशी व्यवस्था केली. १४.६ मीटर तरंगलांबीवर त्याने नोंदी घेतल्या. जवळच्या वादळांतील विजा, दूरच्या वादळांतील विजा असा खरखरीचा हिशेब लागला. पण एक बारीक, सततची सूं-सूं उरलीच. ती दिवसातून एकदा वाढे आणि ओसरे. सूर्याचाच हा प्रताप असावा, असे त्याला आधी वाटले. पण महिने उलटले तसे लक्षात आले की ही सूं-सूं चोवीस तासांनी नव्हे, तर २३ तास ५६ मिनिटांनी परतते.

ही चार मिनिटे फार बोलकी आहेत. नक्षत्रे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात, म्हणूनच महिन्यागणिक रात्रीचे आकाश बदलते; आपल्याकडे पंचांग चाळणाऱ्यालाही हे ठाऊक असते. याचा अर्थ, जान्स्कीची सूं-सूं सूर्याला नव्हे, तारकांना बांधलेली होती. तिचा उगम धनु राशीच्या दिशेला, आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडे निघाला. मे १९३३ मध्ये ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झळकली. कंपनीला मात्र तिचा उपयोग नव्हता. खरखर कोठून येते ते कळले, तिच्यावर उपाय नाही हेही कळले. जान्स्कीला दुसऱ्या कामाला लावण्यात आले. १९५० मध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी तो वारला. आज रेडिओ स्रोतांच्या तेजस्वितेचे एकक त्याच्या नावाने ओळखले जाते.

गंमत म्हणजे व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनीही या शोधाकडे पाठच फिरवली. पुढची जवळजवळ दहा वर्षे जगात एकच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ होता असे म्हटले तरी चालेल, आणि तोही हौशी. ग्रोट रेबर या अभियंत्याने १९३७ साली इलिनॉय राज्यातील आपल्या घराच्या परसात सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची बशी स्वखर्चाने बांधली. पहिल्या दोन वारंवारतांवर त्याला काहीच सापडले नाही. तिसऱ्या खेपेस, १६० मेगाहर्ट्झवर, आकाशगंगा उमटली. नंतर दुसरे महायुद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटनच्या रडार यंत्रणेत एकाएकी प्रचंड गोंगाट झाला. जर्मनांनी काही नवी युक्ती काढली की काय अशी शंका आली. जेम्स हे यांनी नोंदी तपासून तो गोंगाट सूर्यावरील डागांच्या एका सक्रिय गटातून आल्याचे दाखवून दिले. युद्ध संपल्यावर रडारचे निरुपयोगी झालेले सामान आणि ते हाताळू शकणारे तरुण या दोहोंचा ओघ विद्यापीठांकडे वळला आणि इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, हॉलंड येथे या शास्त्राने बाळसे धरले.

वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न येईल. तारे तापलेले असतात म्हणून प्रकाशतात हे समजले. पण रेडिओ लहरी कोण पाठवतो? त्याचे एक उत्तर आहे इलेक्ट्रॉन. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात सापडले की मळसूत्राप्रमाणे फिरत जातात आणि फिरताना रेडिओ लहरी सोडतात. स्फोट पावलेल्या ताऱ्यांचे अवशेष, प्रचंड कृष्णविवरांनी बाहेर फेकलेले झोत यांचे दर्शन असे घडते. डोळ्यांना फिकट ठिपका वाटणारी एखादी दीर्घिका रेडिओ दुर्बिणीतून पाहिली की तिच्या दोन्ही बाजूंना लाखो प्रकाशवर्षे पसरलेले पंख दिसू लागतात, ते याच कारणाने.

दुसरे उत्तर अधिक शांत आणि मला अधिक सुंदर वाटणारे आहे. विश्वात सर्वांत विपुल मूलद्रव्य हायड्रोजन. त्याच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांनाही स्वतःभोवतीचा फेर, म्हणजे 'स्पिन', असतो. हे दोन फेर एकाच दिशेचे असले तर अणूची ऊर्जा किंचित जास्त, विरुद्ध दिशेचे असले तर किंचित कमी. पहिल्या स्थितीतून दुसरीत घसरताना अणू २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झची, रेडिओ लहर सोडतो. एका अणूच्या वाट्याला ही घसरण आपणहून येण्यास सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. पण अवकाशात अणूच इतके आहेत की त्यांची एकत्रित कुजबुज सतत चालू असते. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४४ मध्ये, व्हॅन द हुल्स्ट या तरुण शास्त्रज्ञाने हे भाकीत कागदावर मांडले आणि १९५१ मध्ये हार्वर्ड येथे युएन आणि पर्सेल यांनी ती लहर प्रत्यक्ष टिपली. धुळीच्या ढगांमुळे दृश्य प्रकाशाला आपल्या आकाशगंगेचा दूरचा भाग दिसत नाही. २१ सेंटिमीटरची लहर धुळीतून आरपार येते. आकाशगंगेच्या सर्पिल बाहूंचे नकाशे या लहरीच्या साह्याने काढले गेले.

पुढच्या दोन शोधांच्या कथा अनेकदा सांगितल्या गेल्या आहेत, म्हणून थोडक्यात. १९६४ मध्ये होमडेल येथेच पेन्झियास आणि विल्सन यांना आपल्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात सर्व दिशांनी सारखीच येणारी खरखर आढळली. अँटेनात वस्ती करून राहिलेली कबुतरे हाकलली, त्यांची विष्ठा धुऊन काढली, तरी ती गेली नाही. विश्वाच्या तप्त आरंभानंतर उरलेली, आता निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंशांवर थंडावलेली ती ऊब होती. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. १९६७ मध्ये केंब्रिज येथील विद्यार्थिनी जोसलिन बेल यांना कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर एक न जुळणारी खूण दिसली, दर १.३३७ सेकंदाला येणारा तो ठोका इतका नियमित होता की परग्रहवासीयांची शंका घेऊन त्याला थट्टेने 'छोटी हिरवी माणसे' असे नाव देण्यात आले. तो पहिला स्पंदक, म्हणजे पल्सार, निघाला. १९७४ च्या नोबेलमध्ये बेल यांचे नाव नव्हते, त्यांच्या मार्गदर्शकांचे होते. २०१८ मध्ये त्यांना तीस लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तो सारा त्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकला. स्पंदकांचे ठोके मात्र खरोखरच आवाजात रूपांतरित करून ऐकता येतात: शततारकेच्या आकाशात नव्हे तर दक्षिणेकडील नौका समूहात असलेला व्हेला स्पंदक सेकंदाला अकरा वेळा टकटकतो, वृषभ राशीतील क्रॅब स्पंदक तीस वेळा, आणि सर्वांत वेगवान ज्ञात स्पंदक सेकंदाला ७१६ वेळा, तो कानाला ठोका न वाटता सूर वाटतो.

ही सारी कुजबुज किती क्षीण असते? एक जान्स्की म्हणजे एका वॉटचे एकावर सव्वीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग, तोही प्रत्येक चौरस मीटरवर आणि प्रत्येक हर्ट्झमागे. आजच्या दुर्बिणी याच्याही लाखाव्या भागापर्यंत पोहोचतात. तुलनेसाठी एक साधा हिशेब करता येतो. आपल्या खिशातला मोबाइल चंद्रावर ठेवून चालू केला, तर पृथ्वीवरून तो काही शे जान्स्कीचा दिसेल, म्हणजे अवघ्या रेडिओ आकाशातील मोजक्या सर्वांत तेजस्वी स्रोतांमध्ये त्याची गणना होईल. तोच मोबाइल दुर्बिणीपासून दोन किलोमीटरवर कोणाच्या हाती असेल तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कल्याण, उटी, खोडद

रेडिओ लहरी लांब असल्याने आणखी एक अडचण येते. दुर्बीण किती बारीक तपशील दाखवू शकते ते तरंगलांबी आणि दुर्बिणीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. आपल्या डोळ्याची बाहुली काही मिलिमीटरची. पण प्रकाशलहरी इतक्या आखूड की तेवढ्यावर भागते. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरीवर निव्वळ डोळ्याइतके स्पष्ट दिसायचे म्हटले तरी पाऊण किलोमीटर व्यासाची बशी लागेल. अशी बशी हवी तिकडे वळवणे कोणत्याही अभियंत्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तोडगा निघाला तो असा की एक मोठी बशी न बांधता लहान बशा दूरदूर मांडायच्या आणि त्यांचे संकेत एकत्र जुळवायचे. एकाच स्रोताची लहर दोन बशांवर किंचित पुढेमागे पोहोचते. आवाज कोणत्या बाजूने आला हे आपल्याला दोन कानांमुळे कळते, साधारण तसेच. बशांची प्रत्येक जोडी चित्राचा एक धागा पुरवते. पृथ्वी फिरते तशा त्या जोड्या आकाशाच्या संदर्भात कलत जातात आणि नवे धागे मिळत जातात. आठ-दहा तासांत संगणक त्यातून चित्र विणतो. या तंत्राच्या विकासासाठी केंब्रिजच्या मार्टिन राइल यांना १९७४ च्या नोबेलचा वाटा मिळाला. पृथ्वीवर विखुरलेल्या दुर्बिणी अशाच जोडून २०१९ मध्ये एम ८७ या दीर्घिकेतील कृष्णविवराच्या सावलीचे चित्र मिळवण्यात आले.

भारतात या शास्त्राची मुहूर्तमेढ रोवली ती महाराष्ट्रात, हे फारसे ठाऊक नसते. परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मायदेशी परतून एकत्र काम करण्याचा प्रस्ताव मांडला. होमी भाभांनी तो उचलून धरला आणि त्या चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. ऑस्ट्रेलियात वापरून बाजूला ठेवलेल्या, सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ बशा भारताला भेट मिळाल्या होत्या. त्या १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याण येथे उभारून सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. मग १९७० मध्ये तमिळनाडूतील उटी येथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी अर्धनळीच्या आकाराची दुर्बीण तयार झाली. तिची कल्पना मोठी चतुर आहे. उटीचे अक्षांश सुमारे ११ अंश. तितक्याच उताराची उत्तर-दक्षिण टेकडी शोधून तिच्यावर दुर्बीण बांधली, म्हणजे तिचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला. आता ती केवळ एका आसाभोवती फिरवली की स्रोताचा मागोवा साडेनऊ तास घेता येतो.

चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून जातो तेव्हा तो स्रोत नेमका कसा झाकला जातो हे पाहून उटीच्या दुर्बिणीने शेकडो दूरस्थ स्रोतांचे आकार मोजले. त्या मोजमापांतून विश्व पूर्वी आजच्यापेक्षा वेगळे होते असा निष्कर्ष निघाला आणि महास्फोटाच्या सिद्धांताला बळ मिळाले. विश्व सदैव असेच आहे असे मानणाऱ्या फ्रेड हॉइल यांच्या स्थिर-स्थिती सिद्धांताच्या ते विरोधात गेले. या सिद्धांताचे एक खंदे पुरस्कर्ते होते हॉइल यांचे शिष्य आणि आपले जयंत नारळीकर. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात स्वरूप यांचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आणि नारळीकरांची 'आयुका' शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. स्वरूप २०२० मध्ये आणि नारळीकर २०२५ मध्ये निवर्तले. वैचारिक प्रतिपक्षाशी इतका सलोख्याचा शेजार आपल्याकडे इतर क्षेत्रांत क्वचितच दिसतो.

स्वरूप यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे नारायणगावजवळच्या खोडद येथील 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', अर्थात जीएमआरटी. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस बशा. त्यांपैकी चौदा सुमारे एक किलोमीटरच्या चौकात दाटीने, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर पसरलेल्या, जेणेकरून टोकाच्या बशांमधील अंतर २५ किलोमीटरपर्यंत जाते. तीस बशांच्या जोड्या होतात ४३५. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांमधून डोकावणाऱ्या या बशा लांबून पाहिल्या तर त्या आरपार दिसतात, आणि त्यातच स्वरूप यांच्या कल्पकतेचे मर्म आहे. ४५ मीटर व्यासाची पत्र्याची बशी वाऱ्याचा प्रचंड दाब घेते. तिला पेलणारा सांगाडा तितकाच अवजड, म्हणून महाग. स्वरूप यांनी पत्रा टाकून दिला. पोलादी दोरांच्या ताणावर बेतलेल्या चौकटीवर गंज न चढणाऱ्या बारीक तारेची जाळी त्यांनी ताणून बसवली. जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची, लहरी मात्र वीस सेंटिमीटर ते दोन मीटर लांबीच्या. त्या लहरींना ही जाळी अखंड आरशासारखीच. वारा मात्र आरपार जातो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारावरील जाळीतून आतला पदार्थ दिसतो, पण लहरी बाहेर येत नाहीत, त्यामागे हेच तत्त्व आहे.

प्रगत देश अधिकाधिक आखूड लहरींकडे वळत असताना भारताने मीटर लांबीच्या लहरी निवडल्या, हा निर्णय गरिबीतून आलेला असला तरी दूरदृष्टीचा ठरला. लांब लहरींना पृष्ठभाग फार काटेकोर लागत नाही, म्हणून दुर्बीण स्वस्त होते. आणि विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या हायड्रोजनची लहर ताणली जाऊन नेमकी याच पट्ट्यात येते. दुर्बीण ऑक्टोबर २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली, २०१९ पर्यंत तिचे मोठे नूतनीकरण पार पडले आणि २०२० मध्ये विद्युत अभियंत्यांच्या 'आयईईई' या जागतिक संघटनेने तिला 'मैलाचा दगड' म्हणून गौरवले. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापरेली यानाचा क्षीण संकेत खोडदला टिपला गेला, आणि उतरण्याच्या काही क्षण आधी तो थांबल्याचेही येथेच प्रथम लक्षात आले. यान आदळले होते. २०२० मध्ये पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ७,६५३ दूरस्थ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांतील हायड्रोजनचे सरासरी प्रमाण काढले. तारे ज्या झपाट्याने जन्मत होते त्या झपाट्याने हे इंधन शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपले असते, असे त्यातून दिसले. विश्वातील तारकांचा जन्मदर पुढे का घटला याचे उत्तर तेथे मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये तर ८८० कोटी वर्षांपूर्वी एकाच दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची लहर ओळखल्याचे जाहीर झाले. मध्ये असलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून ती सुमारे तीसपट मोठी केली होती. निघताना २१ सेंटिमीटरची असलेली ती लहर खोडदला पोहोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची झाली होती.

गोंगाटाचे राजकारण

आता या ४८ सेंटिमीटरकडे जरा बारकाईने पाहावे. त्याची वारंवारता होते ६२० मेगाहर्ट्झ. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा हायड्रोजनसाठी आंतरराष्ट्रीय कराराने राखून ठेवलेला आहे. त्यात कोणीही प्रक्षेपण करायचे नाही. पण हे संरक्षण आपल्या शेजारच्या दीर्घिकांपुरतेच. विश्वात जितके दूर, म्हणजे भूतकाळात जितके मागे जावे, तितकी ती लहर खाली घसरत जाते आणि राखीव पट्टा सोडून दूरचित्रवाणी, मोबाइल, पोलिसांचे बिनतारी संच यांच्या वस्तीत शिरते. पहिले तारे पेटले त्या काळातील हायड्रोजनची खूण तर बरीचशी आपल्या एफएम वाहिन्यांच्या आसपास, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे शोधावी लागते. विश्वाचा संपूर्ण इतिहास ऐकण्यासाठी अख्खाच पट्टा राखून ठेवणे शक्य नाही. म्हणून मग जागाच राखाव्या लागतात. अमेरिकेने १९५८ मध्ये ग्रीन बँक वेधशाळेभोवती सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचे रेडिओ-शांतता क्षेत्र जाहीर केले ते यासाठीच. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आपला 'सारस' हा अँटेना कर्नाटकातील जलाशयांवर तराफ्यावर तरंगत ठेवून २०२० मध्ये निरीक्षणे केली.

गोंगाट नेहमी बाहेरूनच येतो असेही नाही. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीत काही चमत्कारिक स्पंद अनेक वर्षे अधूनमधून आढळत. ते विश्वातून आल्यासारखे दिसत, पण येत मात्र कामाच्या वेळेत. २०१५ मध्ये छडा लागला: वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार कोणी घाईने, वेळ पुरी होण्याआधी उघडले की तो स्पंद उमटे. आकाशही आता स्वच्छ राहिलेले नाही. हॉलंडमध्ये केंद्र असलेल्या लोफार दुर्बिणीने निरीक्षण केलेल्या ६८ स्टारलिंक उपग्रहांपैकी ४७ उपग्रहांतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान नकळत होणारी गळती २०२३ मध्ये नोंदवली गेली. हे संदेश नव्हेत; उपग्रहांतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा तो नुसता गुणगुणाट आहे.

खोडदची निवड झाली तेव्हा भोवतालचे डोंगर, शहरापासूनचे अंतर, वाऱ्याचा कमी वेग आणि दक्षिणेचेही बरेचसे आकाश दाखवणारे १९ अंश अक्षांश या गोष्टी जमेच्या होत्या. तेव्हा मोबाइल नव्हता. आज टॉवर आहेत, घराघरांत इलेक्ट्रॉनिक उपकरणे आहेत, आणि विजेच्या खांबावरील एखादी सैल जोडणी किंवा तडकलेला इन्सुलेटर यांतून उडणाऱ्या ठिणग्याही आहेत. ठिणगी हा सर्वांत जुना रेडिओ प्रक्षेपक होय. हर्ट्झने १८८० च्या दशकात रेडिओ लहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीतूनच, आणि ठिणगीचा दोष असा की ती एका वारंवारतेवर बोलत नाही, सर्वच वारंवारतांवर ओरडते. मीडियम वेव्ह रेडिओ चालू असताना खोलीतील दिव्याचे बटण दाबले की जी 'खट्' ऐकू येते ती हीच.

विजेवर धावणाऱ्या रेल्वेच्या माथ्यावरील तार आणि तिला घासत जाणारा पँटोग्राफ यांच्यामध्ये अशा ठिणग्या सतत उडतात. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची मूळ आखणी नारायणगाव परिसरातून जाणारी होती. तिच्यामुळे जीएमआरटीच्या कामात अडथळा येईल अशी हरकत घेतली गेली आणि रेल्वे मंत्रालयाने तो मार्ग बदलून अहिल्यानगर-शिर्डीकडून नेण्याची भूमिका घेतली. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांतील लोकांत त्यावरून उघड नाराजी आहे, आणि ती समजून घेण्याजोगी आहे. या भागातला शेतकरी आपला भाजीपाला आजही रस्त्यानेच पुण्या-मुंबईकडे धाडतो. दुर्बिणीमुळे परिसरातील उद्योगांवर निर्बंध आहेतच. आता रेल्वेही दूर गेली तर 'या बशांनी आम्हाला काय दिले' हा सवाल अस्थानी म्हणता येणार नाही.

माझे मत असे की या वादात दोन्ही बाजूंना तुल्यबळ मानून चालणार नाही, कारण रूळ हलवता येतात, जीएमआरटी हलवता येत नाही. तीस बशा, २५ किलोमीटरची मांडणी आणि तीन दशकांचा अनुभव पुन्हा दुसरीकडे उभारण्याइतकी शांत जागा आज देशात शोधणेही कठीण आहे. पण म्हणून या शांततेची सारी किंमत एकट्या जुन्नर-आंबेगावकडून वसूल करणे न्याय्य नव्हे. देशाची म्हणून जी संपत्ती आहे तिचा भार देशाने उचलावा: पर्यायी रस्ते, शेतमालासाठी शीतगृहे, गोंगाट न करणाऱ्या वीजवाहिन्या, आणि या पट्ट्यातील मुलांसाठी त्या केंद्राची दारे अधिक मोकळी. तसे थोडेबहुत घडतेही. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे आणि शाळांच्या गाड्या भरभरून मुले तेथे येतात.

२०२४ मध्ये भारत 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या जागतिक प्रकल्पात सदस्य झाला. त्याच्या १९७ बशा दक्षिण आफ्रिकेत आणि १ लाख ३१ हजारांहून अधिक लहान अँटेना पश्चिम ऑस्ट्रेलियात, जवळपास निर्मनुष्य प्रदेशात उभे राहत आहेत. प्रकल्पाचे नियंत्रण सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीच्या कामात पुण्याच्या केंद्राचा पुढाकार आहे. चंद्राची पलीकडची बाजू तर याहून शांत, कारण पृथ्वी तेथून कधी दिसतच नाही. चीनचे चांग-ए ४ हे यान जानेवारी २०१९ मध्ये तेथे उतरले तेव्हा कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी मोजणारे उपकरण सोबत घेऊनच गेले.

ज्यांना हा अनुभव स्वतः घ्यावासा वाटतो त्यांना चंद्रावर जायला नको. आपल्या आकाशगंगेतील हायड्रोजन टिपण्यासाठी थर्माकोलच्या किंवा पुठ्ठ्याच्या फळ्यांवर ॲल्युमिनियमची चमकी चिकटवून बनवलेले नरसाळे पुरते. त्याच्या अरुंद टोकाला पत्र्याच्या डब्यात तारेचा छोटा तुकडा, म्हणजेच अँटेना; त्याला जोडून १४२० मेगाहर्ट्झचा कमी खरखरीचा वर्धक, आणि पुढे संगणकाच्या यूएसबीत बसणारा रेडिओ ग्राहक. सगळे मिळून काही हजार रुपयांत होते, आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सुटीत करण्याजोगे आहे. नरसाळे आधी आकाशगंगेपासून दूर रोखून पाच मिनिटांची नोंद घ्यावी, मग धनु राशीकडे किंवा हंस तारकासमूहाकडे वळवून दुसरी. पहिली नोंद दुसरीतून वजा केली की पडद्यावर १४२० च्या अवतीभवती एक लहानसा उंचवटा उरतो. बहुधा त्याला एकाहून अधिक शिखरे असतात; आकाशगंगेचे वेगवेगळे बाहू वेगवेगळ्या वेगांनी फिरत असल्यामुळे त्यांची लहर थोडी वर-खाली सरकलेली असते. प्रयोग गच्चीवर करायचा असेल तर वाय-फाय बंद करावे आणि मोबाइल खालच्या मजल्यावर ठेवून यावा.